सत्तेचाळीसावं

"काका, जुळत नाही," नवी मुलगी म्हणाली. "माझी सत्तेचाळीस आली. तुमची सेहेचाळीस कशी?"

मोजणीवाले काका चष्मा पुसत बसले. तो स्वच्छच होता.

प्रयोगशाळेत सगळे त्यांना याच नावानं ओळखत. तीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून त्यांनी माणसांची गुणसूत्रं मोजली होती. माणसाची सेहेचाळीस. नवं कुणी आलं की ते सांगत, "फार शेफारू नका. बटाट्याची अठ्ठेचाळीस असतात, तरी बिचारा मातीत पडून असतो."

आज जुन्या काचपट्ट्या टाकायच्या होत्या. टाकण्याआधी प्रत्येक पट्टी दोघांनी पुन्हा मोजायची, आकडा एकमेकांपासून झाकून लिहायचा. जुळला तर पट्टी डब्यात, नाही जुळला तर परत कपाटात, असा इथला नियम.

ही पट्टी काकांच्या धाकट्या बहिणीच्या रक्ताची होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी ती स्वतः तयार केली होती. आई सारखी म्हणायची, "पोरीत काहीतरी कमी राहिलं बघ." म्हणून आकडा हाती येताच ते धावत घरी गेले. "आई, कमी नाही गं. एक जास्त आहे." आईनं ऐकून घेतलं आणि तोंड फिरवलं.

आई गेल्यावर दोघंच उरली. जेवायच्या वेळी बहीण ताटं मांडायची, ती नेहमी तीन.

"तिसरं कुणाला गं?"

"असू दे ना दादा. कुणी आलं तर?"

बावीस वर्षांत कुणी आलं नाही. चार महिन्यांपूर्वी तीही गेली आणि घर खायला उठू लागलं. तिच्या शरीराचं म्हणावं असं आता या काचेवरच काय ते उरलं होतं. म्हणून काकांनी आज जन्मात पहिल्यांदा खोटा आकडा लिहिला होता.

"दोन एकमेकांवर पडलीत," मुलगी हळूच म्हणाली. "तुम्ही एकच धरलं असेल. पण तुमचं कधी चुकत नाही, म्हणून विचारलं. ठेवू परत कपाटात?"

काकांनी आपला कागद जवळ ओढला. सेहेचाळीस. आईला आयुष्यभर हवा होता तोच आकडा. ज्या एकामुळे ती तशी होती, तेच त्यांनी गाळून टाकलं होतं.

"नको," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

त्यांनी आकड्यावर रेघ मारली, शेजारी सत्तेचाळीस लिहिलं आणि सही केली. मुलीनं पट्टी डब्यात टाकली. काचेवर काच पडल्याचा बारीक आवाज झाला.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी सकाळचं जेवण गरम केलं. एक ताट घेतलं. जरा थांबून आणखी एक घेतलं, समोर मांडलं आणि ते जेवायला बसले.