दर्भाचा कावळा

हिरवी खूण. पडद्याच्या कोपऱ्यात, मिरीएवढी... आणि धनेशला ती बघवेना, कारण तिथं लाल यायला हवं होतं. त्याचं कामच उफराटं — कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरची परीक्षा घ्यायची; मुद्दाम चुकीचा कोड लिहायचा, त्याला तपासायला द्यायचा आणि त्याने नकार दिला की खूश व्हायचं. आज लिहिलेलं तर ढळढळीत चुकीचं होतं: ॲबस्ट्रॅक्ट क्लास, म्हणजे नुसता आराखडा, ज्याची वस्तू कधी घडवताच येत नाही. चालता प्रोग्रॅम अडला की तो एक्सेप्शन, म्हणजे अडचणीचा निरोप, फेकतो; तो झेलायला धनेशने हा आराखडाच उभा केला होता. बिनहातांचा झेलणारा! कंपायलरने तिथल्या तिथे अडवायला हवं होतं. त्याने हूं की चूं केलं नाही. चालवून घेतलं.

चालवून घेतलं... आणि श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाडीतल्या त्या खोलीत बसल्या बसल्या त्याच्या पायांखाली खाडीकाठची ओली वाळू आली. बाबांचा दहावा. पिंड मांडलेले, सुरूच्या झाडांवर कावळे चिक्कार, पण एकही खाली उतरेना. मग वचनं सुरू झाली. वाडी विकणार नाही, बाबा. आईला अंतर देणार नाही. हर्षदकाकांनीही हात जोडून पालखीचा मान राखायचं कबूल केलं... कावळे आपले पंख साफ करत राहिले. काय राहिलंय ते जमलेल्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं. अमिषा. धनेशची धाकटी बहीण. तिने मनाजोगतं लग्न केलं म्हणून 'तिचं नाव या घरात काढायचं नाही' असं बाबांनी बजावलेलं. आणि शेवटच्या आजारात तेच बाबा दाराकडे बघत पडलेले असायचे... नाव मात्र त्यांनीही काढलं नाही. हट्टी माणूस! 'अमिषाला घरी आणतो' — एवढंच म्हणायचं होतं. पण भाऊबंद काय म्हणतील, म्हणून धनेश मूग गिळून बसला. ऊन चढलं. भटजींनी दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला टेकवला. गवताला चोच कसली, भूक कसली... पण सगळ्यांनी आंघोळी केल्या आणि घरी आले.

आता अहवाल लिहायचा होता. अपेक्षित: चूक दाखवून थांबणे. प्रत्यक्षात: काही न बोलता पुढे गेला... बोटं अडखळली. हे कुणाबद्दल लिहितोय मी? दुसऱ्यांच्या चुका पकडायचा पगार घेणारा मी — मीच पुढे गेलो.

आई चहा घेऊन आली. त्याच्याकडे पाहून थबकली. "काय रं, काय बिगडलं?"

"चुकीचं होतं, आई. तरी यंत्रानं मान्य केलं."

"मग चुकलं म्हनून तुला सांगता येतंय ना?"

त्याने अहवालाची खिडकी खाली सारली.

"दहाव्याला मी लांब बायकांत बसले व्हते," ती हळूच म्हणाली. "कावल्याकडं कुनी बगितलं? मी तुज्या तोंडाकडं बगत व्हते."

"मग तूच का नाही बोललीस?"

"तुज्या बाबांपुढं कंदी बोलले व्हते मी?" कप ठेवून ती क्षणभर तिथंच उभी राहिली. "अजून बगतेच हाय."

ती खळ्यात सुपाऱ्या उलटायला निघून गेली. चहावर साय धरली. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली म्हणून धनेश इतके दिवस झुरत होता. जिवंत माणसाचीही, आईचीही, तीच राहिली आहे, हे त्याला आत्ता कळत होतं... आणि तिच्यापुढं दर्भाचा कावळा चालायचा नव्हता. बाबा गेले त्या दिवसापेक्षाही त्याला जास्त भीती वाटली.