जनरेटरच्या कार्डावरच्या चौदा खुणा

वहिनीचे कान गेले होते, डोळे मात्र शाबूत होते. त्यामुळे परसातल्या पत्र्याच्या खोपीत जनरेटर चालतोय की नाही, हे तिला आवाजावरून नाही, कार्डावरून कळायचं. दर रविवारी दुपारी धाकटा ते कार्ड आणून तिच्या हातात द्यायचा. साठीत अक्षरं शिकलेली बाई ती. बोट ठेवून वाचायची : तारीख, दहा मिनिटं चालवला, तेल पाहिलं. पुढे बरोबरची खूण. "लिहिलंय म्हणजे झालंय," म्हणायची, उशाजवळच्या श्वासाच्या यंत्राकडे एकदा बघायची आणि निर्धास्त व्हायची. वीज गेली तर त्या यंत्राला जनरेटरचाच आधार होता.

धाकटा म्हणजे तिचा दीर. सत्तरीला टेकला तरी तिच्या लेखी धाकटाच, कारण सासू गेल्यावर तिनेच त्याला भरवून मोठा केला होता. जन्मभर पंपघरात फिटर होता, आणि त्याचा उपदेश सगळ्या गल्लीला पाठ होता. यंत्र काय नि माणूस काय, बसून राहिलं की गंजतं. आठवड्यातून एकदा तरी चालवा, तेही रिकामं नको, पंखा-बिंखा जोडून. बंद करताना पेट्रोलचा कॉक फिरवा, आतलं सगळं जळून जाऊ द्या. ऐकणारे माना डोलवायचे.

आणि मागचे चौदा रविवार त्याने स्वतः जनरेटर चालवलाच नव्हता.

खांदा गेला होता. जनरेटर सुरू करायची दोरी एका झटक्यात ओढावी लागते. ती अर्ध्यावर यायची आणि त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. वहिनीच्या सुनेला सांगितलं असतं तर तिने हसत ओढली असती. रविवारी तिची दुकानात पाळी असायची हे खरं, पण सोमवार कुठे पळून जात होता? सांगायला जीभच रेटली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पहिल्या रविवारी त्याने मनाशी म्हटलं, उद्या बघू, आणि खूण केली. दुसऱ्या रविवारी नुसतीच खूण केली.

मंगळवारी भर दुपारी वारा सुटला, कोपऱ्यावरचा खांब आडवा झाला आणि वीज गेली. सुनेने वहिनीला प्राणवायूचा राखीव सिलिंडर लावला. तो जेमतेम अर्धा तास पुरणारा. मग बाह्या सरसावून तिने दोरी ओढली, दहादा, वीसदा. जनरेटर नुसता खोकला. शेवटी शेजारच्या वेल्डरने भिंतीवरून आपल्या दुकानाच्या जनरेटरची वायर टाकली, तेव्हा कुठे वहिनीचं यंत्र पुन्हा घरघरू लागलं. सिलिंडरचा काटा तांबड्यात गेला होता.

आलोच आहे तर बघतो, म्हणून वेल्डरने कार्बोरेटर उघडला. आत साचून आटलेल्या पेट्रोलचा डिंकासारखा चिकट थर.

"फिटरकाका, हा तर महिनोन्‌महिने फिरलेला नाही."

सुनेने खिळ्यावरचं कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं. वेल्डरने कार्ड पाहिलं, मग म्हाताऱ्याचं तोंड पाहिलं. भला माणूस. म्हणाला, पेट्रोलच भेसळीचं असेल, हल्ली काय सांगावं. आणि धाकट्याने मान डोलवली.

खोट्या खुणांपेक्षा त्या डोलवण्याचीच त्याला जास्त लाज वाटली. सून तर पेटलीच. वहिनीच्या कानाशी ओरडून तिने सांगितलं, पेट्रोलवाल्याने फसवलं, आणि त्याला जाब विचारायला म्हणून चपला घालू लागली.

"तरीच," वहिनी म्हणाली. "आमच्या धाकट्याने तर एक रविवार चुकवला नाही."

धाकटा पलंगापाशी गेला. खाली बघत म्हणाला, मी चालवलाच नाही.

"काय?"

त्याने पुन्हा सांगितलं.

"मोठ्याने बोल रे. तोंडात काय धरलंयस?"

मग त्याला ओरडावंच लागलं. "वहिनी, मी खोटं लिहिलं. चौदा आठवडे. खांद्याने दोरी ओढवत नाही."

खिडकी उघडी होती. खोपीत वेल्डरच्या पान्याची खटखट थांबली. सून एका पायात चप्पल घालून तशीच उभी राहिली.

वहिनीने नाकातली नळी नीट केली. मग कार्ड मागितलं, पेन्सिल मागितली, आणि एकेक खूण खोडत गेली. चौदावी खोडून झाल्यावर म्हणाली, "मला अक्षरं येत नव्हती तेव्हा मी तुझं तोंड वाचायचे. तेच बरं होतं."

पुढच्या रविवारी सुनेने पाळी बदलून घेतली. तोवर वेल्डरने कार्बोरेटर साफ केला होता, टाकीत ताजं पेट्रोल पडलं होतं. दोरी तिने ओढली. धाकट्याने चोक सांभाळला, पंखा जोडला, दहा मिनिटांनी कॉक फिरवला, आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत तिथेच थांबला. कार्ड घेऊन आत गेला तर वहिनीने पेन्सिल त्याच्या हाती लागू दिली नाही. त्याच्या तोंडाकडे बघत विचारलं, "कोणी ओढली?"

"सुनेने."

"आणि तू?"

"मी बाजूला उभा होतो."

तिने मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत तेवढंच लिहिलं, बोट ठेवून एकदा वाचलं, आणि कार्ड त्याला परत न देता उशीखाली सरकवलं.