फुकटवाला कंप्युटर

"बंद नाही पाडाचा," शालीकराम बाबू म्हणाले. "बंद पडला त दोष लाइटीवर जाईल. चालू राहू दे. पण त्यानं काम नाही केलं पाहिजे. नाव टाकलं, त नाव नाही भेटलं पाहिजे. एवढंच."

अल्काचे हात की-बोर्डवर तसेच राहिले. "अन् भेटलं त?"

"कायले भेटते? तू नोको भेटू देऊ ना." तोंडातला खर्रा सांभाळत ते खिडकीपाशी गेले, बाहेर थुंकले आणि परत येऊन तिच्या टेबलाच्या कोपऱ्याला टेकले. "उद्या नागपूरचे साहेब येऊन राहिले. घडीभर बसतील, पाहतील, लिहून घेतील, जेवतील अन् जातील. कोणाचं का जाते त्याच्यात?"

शालीकराम म्हणजे रुग्णालयाचे मोठे बाबू. माणूस वाईट नव्हता. अल्काच्या बाळंतपणात तिची खुर्ची दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून त्यांनीच वरच्या कार्यालयाला काय काय थापा मारल्या होत्या. एरवी ते तिच्यावर खेकसत. आज त्यांचा आवाज लोण्यासारखा मऊ होता, आणि अल्काला भीती वाटली ती त्या मऊपणाची.

गोंदियाहून सालेकशाकडे जाणारा रूळ जंगलात शिरतो, त्या पट्ट्यातलं हे लहानसं सरकारी रुग्णालय. अल्काचं माहेर तिकडं सौंदडचं. लग्न होऊन ती इथं आली आणि कंप्युटरवर बसली. कंत्राट अकरा महिन्यांचं. मग एक दिवसाचा खंड, म्हणजे त्या दिवशी ती कुणीच नाही. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा आदेश, पुन्हा तीच खुर्ची. खंडाच्या दिवशीसुद्धा ती येऊन बसायची. पेशंटला काय ठाऊक खंड.

तिच्या टेबलावरच्या मशीनला सगळे "फुकटवाला" म्हणत. फार पूर्वी एका शिकाऊ इंजिनियरनं त्यात मुक्त प्रणाली घालून दिली होती. मुक्त म्हणजे कुणा एका कंपनीची मालकी नसलेली; जिच्या आत काय आहे ते कुणालाही उघडून वाचता येतं, दुरुस्त करता येतं, आणि दर साली जिचा परवाना विकत घ्यावा लागत नाही. पोरगा नोकरी लागून निघून गेला. अल्का उरली. अडलं की ती नेटवर प्रश्न टाकायची आणि केरळातला कुणीतरी माणूस, ज्याचं तोंड तिनं कधी पाहिलं नाही, रात्रीतून उत्तर लिहून ठेवायचा. असं करत करत तिनं त्यात जंगलपट्टीतल्या सिकलसेलच्या सगळ्या पोरांची नावं बसवली. आईबापाकडून उतरणारा रक्ताचा आजार हा. हातपाय ठणकतात, अंगातलं रक्त आटतं आणि पुन्हा पुन्हा चढवावं लागतं. कुणाचं रक्त कोणतं, कधी चढवलं, चढवताना काय झालं, सगळं त्या मशीनला ठाऊक होतं. मराठीत.

आणि यंदा दिल्लीचं धोरण आलं. सरकारी कामात आधी असं मुक्त सॉफ्टवेअरच बघावं. नाकारायचं असेल तर का, ते लेखी द्यावं. परिपत्रक वाचून अल्का हरखली होती. संध्याकाळी भाकरी थापताना तिनं नवऱ्याला सांगितलं, "आपलंच केलेलं आता दिल्लीवाले करा म्हणून राहिले."

पण ते शेवटचं वाक्य शालीकराम बाबूंनी तिच्याआधी वाचलं होतं. लेखी द्यावं. त्या लेखी देण्यासाठीच उद्याची चाचणी होती.

शालीकराम बाबू गेल्यावर ती कागदाचा गठ्ठा आणायला स्टोअरमध्ये गेली. सलाइनच्या खोक्यांमागं ताडपत्री टाकलेली होती. कोपरा उचलला तर खाली नवेकोरे कंप्युटर, खोक्यांच्या पट्ट्यांसकट. चाचणी उद्या होती आणि मशीन आजच येऊन बसले होते. तिनं ताडपत्री होती तशी सारखी केली. का कोण जाणे, झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तशी हळूच.

बाहेर व्हरांड्यात, ते कंप्युटर विकणाऱ्या कंपनीचे गुलाबचंदजी उभे होते. गोंदियाचे, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपणच रागीट वाटावं.

"मॅडमजी, नाराज मत होइए. दान की बछिया के दाँत नहीं देखते, मान लिया. पर दूध तो देखेंगे ना?" ते हसले आणि त्यांनी खिशातून एक चॉकलेट काढलं. "बिटिया के लिए. वो पुलिया के पासवाली आंगनवाडी में जाती है ना? बडी प्यारी है."

अल्कानं आपल्या लेकीबद्दल, साक्षीबद्दल, त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं. चॉकलेट तिच्या मुठीत मऊ होत गेलं. घरी जाताना तिनं ते पुलाखाली टाकलं आणि अंगणवाडीच्या दारात साक्षीला उचललं, तेव्हा पोरगी म्हणाली, "आई, दुखते." इतकं घट्ट धरलं होतं तिनं.

तिचा नवरा, संघदीप, राइस मिलमधून आला तो कोंड्यानं पांढरा होऊन. तिचं सगळं ऐकून घेतलं, मग हातपाय धूत म्हणाला, "नाव नाही भेटलं म्हणाचं, एवढंच ना? मिलमधी आमी रोज म्हणतो, बेल्ट सरकला म्हणून. तू काऊन एवढी तरासून राहिली?"

"आपल्या हातानं खोटं कराचं."

"मशीनसंग खोटं ना? माणसासंग त नाही."

तिला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

दुसऱ्या दिवशी ओपीडी भरलेली असताना नागपूरचे साहेब आले. तरुण, चष्मेवाले, पाणी पिण्याआधी आभार मानणारे. शालीकराम बाबूंनी खुर्ची पुसली. गुलाबचंदजी भिंतीला टेकून उभे राहिले.

"एखादा नेहमीचा पेशंट घेऊ या," साहेब म्हणाले.

रांगेत पुढं फुलवंता होती, जंगलातल्या टोल्यावरची, चार घरांच्या वस्तीतली. कडेला तिचा पोरगा हेमराज. बापाचं नाव बिसराम. महिन्याच्या महिन्याला यायची. अल्का नाव वाचून दाखवी तेव्हा ती पदर डोक्यावर घेऊन ऐके, देवाचं ऐकावं तशी.

अल्कानं हेमराज लिहिलं. बापाच्या नावाच्या जागी भलतंच लिहिलं. बटण दाबलं. पडद्यावर आलं: नोंद आढळली नाही.

साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं. शालीकराम बाबूंनी सुस्कारा सोडला.

"का झालं वो मॅडम?" फुलवंतानं विचारलं.

"नाव..." अल्का पडद्याकडंच बघत म्हणाली, "नाव नाही भेटून राहिलं."

फुलवंता पुढं सरकली. "कटलं का?"

अल्काचं बोट बटणावरच होतं.

"माह्या पोरीचं, दिव्याचं, असंच कटलं होतं. पोरगी गेली अन् रेशनच्या कारडातून नाव कटलं. आता याचं काऊन कटलं? याले त काही झालं नाही ना अजून?" तिनं पोराचा गळा चाचपला, कपाळ चाचपलं, सदऱ्यात हात घालून छाती चाचपली. आवाज चढला नव्हता. उलट बसला होता. "कोणं काटलं, मॅडम?"

हेमराज आईचा हात बाजूला करत होता. लोक बघत होते म्हणून त्याला लाज वाटली असावी. "माय, मी त इथंच हाओ," तो म्हणाला.

मशीनसंग खोटं, माणसासंग नाही. अल्काच्या छातीत काहीतरी कळवळलं, पान्हा आटून इतके दिवस झाले तरी जिथं कळवळायचं तिथंच. तिनं ओळ पुसली. हेमराज. बिसराम. बटण.

पडदा भरला. ती मोठ्यानं वाचू लागली. नाव, गाव, रक्तगट, मागच्या भेटी, एकेक. फुलवंतानं पदर डोक्यावर घेतला.

मग साहेबांनीच एकेक विचारायला सुरुवात केली. हे निघतं का, ते निघतं का, गावाप्रमाणे दाखवा, छापून दाखवा. अल्का दाखवत गेली. भिंतीकडं तिनं पाहिलंच नाही. कधी नव्हे ते कुणीतरी तिचं काम नीट बघत होतं. साहेबांनी वही मिटून चष्मा काढला.

"उत्तम आहे. खरंच. मोठ्या शहरात असं पाहिलं नाही मी. आणि तुम्ही रजेवर असता तेव्हा हे कोण सांभाळतं?"

"कुणी नाही, सर," अल्का म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "मीच. फोनवर सांगते मी घरून. बाळंतपणात दवाखान्याच्या खाटेवरून सांगितलंय. माझ्याशिवाय एक दिवस नाही राहिलं हे कधी."

शालीकराम बाबूंनी मान खाली घातली. भिंतीला टेकलेले गुलाबचंदजी सरळ झाले आणि सकाळपासून पहिल्यांदा मनापासून हसले. "वाह मॅडमजी," ते म्हणाले.

आपण काय बोललो ते अल्काला तेव्हा कळलं नाही. घरी जाताना ती गुणगुणत होती.

अहवाल आला तेव्हा शालीकराम बाबूंनी तो तिच्या हातात दिला नाही, नुसतं सांगितलं. "चांगलं लिहिलं हाय तुयं. लय चांगलं. परनाली उत्तम चालते म्हणून लिहिलं."

"मग?"

"पन एकाच कंत्राटी बाईवर चालते. ते गेली त सारं ठप्प. देखभालीले जबाबदार कंपनी नाही. म्हणून अपवाद मंजूर." त्यांनी खर्ऱ्याची पुडी उघडली आणि न खाताच मिटली. "तू नाव नसतं भेटू देलं त खुर्ची त राहिली असती, बाई. नव्या मशीनवर बसोलं असतं तुले."

"जुनी नावं नव्यात कवा येतील?"

"पुढल्या टप्प्यात म्हणे."

"पुढला टप्पा कवा?"

बाबूंनी पुडी पुन्हा उघडली आणि या खेपेला खर्रा तोंडात टाकला.

त्या साली खंडाचा दिवस आला, आणि दुसऱ्या दिवशी आदेश आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. "खंड लांबला समज," शालीकराम बाबू म्हणाले, आणि तिच्याकडं न बघता आत गेले. तिच्याशिवाय चालत नाही असं कागदावर लिहिलं होतं. मग ती गेली आणि खरोखरच चाललं नाही. कागद खरा ठरला. फुकटवाला स्टोअरमध्ये गेला.

धान कापणीला आलं त्या सुमारास साक्षीला खोकला झाला. अल्का तिला घेऊन रांगेत उभी राहिली, सगळ्यांसारखी. पुढं फुलवंता होती. हेमराज तिच्या खांद्यावर ओल्या फडक्यासारखा पडला होता, ओठ पांढरे.

खिडकीतली नवी मुलगी म्हणाली, "आधी आला होता का?"

"हमेशाच येते ना वो."

"इथं नाही दिसून राहिला. नवीन टाकते."

अल्का थबकली. आता ही ओरडेल, आता पोराला चाचपेल. पण फुलवंता नुसतं म्हणाली, "टाका." तिला सवय झाली होती.

वॉर्डात नवीन डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची पापणी ओढून पाहिली. "रक्त लागेल, आत्ताच. आधी चढवलंय का? तेव्हा काही त्रास? कार्ड कुठंय?"

"कारड वाळवीनं खाल्लं. त्या डब्यात होतं सारं."

"चढवलंय," अल्का दारातून म्हणाली. "मागच्या खेपेला थंडी भरली होती. अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला. अर्ध्यावर थांबवावं लागलं."

"तुम्ही कोण याच्या?"

"मी इथं होते."

"लिहिलेलं आहे कुठं?"

"आहे. स्टोअरमध्ये."

शालीकराम बाबूंना बोलावलं गेलं. त्यांनी किल्ली आणली, आत गेले, बऱ्याच वेळानं बाहेर आले, कोपरापर्यंत धूळ. "लागत नाही, मॅडम. वायर उंदरानं खाल्ल्या." अल्काच्या नजरेला नजर देणं त्यांनी टाळलं.

डॉक्टरीणबाईंनी पोराकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. "थांबता येणार नाही. आधी इंजेक्शन देऊ, मग अगदी हळू सोडू. पण माझ्यापुढं ओपीडी आहे. कुणीतरी सारखं बघत बसायला पाहिजे."

सिस्टरनं पिशवी अडकवली आणि अल्काकडं बोट केलं. "नातेवाईक एकच थांबा. तुम्ही बाहेर."

"हे बी घरचीच हाय," फुलवंता म्हणाली, आणि खाटेवर सरकून तिनं जागा केली.

अल्का बसली. साक्षीला तिनं हेमराजच्या पायाशी टेकवलं. नळीतून पहिला लाल थेंब सुटला, थांबला, मग दुसरा. तिनं हेमराजच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. ओठ कापतायत का, कातडीवर काही उठतंय का.

"आई, घरी कवा?" साक्षीनं विचारलं.

"थांब," ती म्हणाली. "हे उतरू दे."