पितृपक्षातली पॉलिसी

आमच्या निघोज्यात जमिनीचे सौदे चहा थंड व्हायच्या आत होतात. पण गाडीचा विमा दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा म्हटल्यावर माझे सासरे, कोंडाजीमामा, थेट भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले.

"पॉलिसी संपती कवा?"

"बारा तारखेला."

"पितृपक्षात. मंग न्हाई जमायचं. जुनीच चालव पुढं. जुनं चालतं. नवी कंपनी म्हंजे नवी वस्तू."

"मामा, ती वस्तू नाही, कागद आहे."

"पन नवाच न्हवं का?"

मागच्या पितृपक्षात मामांनी गोडाऊनचा नवा भाडेकरार केला होता. त्या दिवशी पितर बहुधा गावाला गेले असावेत.

गाडी माझ्या पगारातून घेतलेली, चाकणच्या कंपनीत रोज मी घेऊन जाणारी, आणि नाव मात्र मामांचं. घरातली पद्धत. जुन्या विमा कंपनीने एका फुटक्या आरशासाठी मला चाळीस दिवस हेलपाटे घालायला लावले होते. तिला पुन्हा एक रुपया द्यायचा नाही, असा हट्ट माझाही होता. बारा तारीख उलटली. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा, म्हणून मी तिच्यावर कव्हर घातलं आणि पहाटे साडेपाचला कंपनीच्या बसला उभी राहू लागले. चावी मामांच्या खिशात.

चौथ्या दिवशी कामावरून आले तर कव्हर अंगणात आणि गाडी गायब. भावकीत कुणाचं तरी श्राद्ध होतं. मामांना जेवायला घेऊन माझा नवरा शेखर गेला होता.

परत आले ते गाडीची मागची बाजू चेपवून. रिव्हर्स घेताना विजेचा खांब मध्ये आला, असं शेखर म्हणाला. खांब तिथे वीस वर्षं उभा आहे. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब.

"विमा नसताना गाडी काढलीच कशी?" मी ओरडलेच.

"पितरांच्याच कामाला गेल्तो. तेच सांभाळत्यात." मामा पागोटं काढत शांतपणे म्हणाले. मग चेपलेल्या डिकीकडे बघून त्यांना आठवलं. "तू नव्या कंपनीचं नाव काढलंस ना, तवाच कोपली पितरं."

म्हणजे खांबाला धडकला शेखर, हुकूम मामांचा आणि गुन्हेगार मी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पॉलिसी मध्ये तुटली की नवी कंपनी आधी गाडीचा व्हिडिओ मागते. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून, सकाळीच मी गाडीभोवती फिरून तो काढला, चेपलेल्या भागासकट, आणि पाठवून दिला. चेपलेला भाग सोडून बाकी गाडीचा विमा देऊ, असं उत्तर आलं. आता फक्त मालकाची संमती हवी होती. ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जाणार होता.

त्याच दिवशी आमच्या घरचं श्राद्ध होतं. ओसरीवर भावकीची पंगत बसलेली. मामा भज्यांचं ताट घेऊन वाढत होते, तेवढ्यात त्यांचा खिसा वाजला.

"मामा, आकडे सांगा. दहा मिनिटांत बाद होतात."

"आज? आजच्या दिशी?"

"उद्याही तुम्ही जेवायला जाणार आहात. पायी जाल?"

मामांनी एकदा पंगतीकडे पाहिलं, एकदा चेपलेल्या गाडीकडे. उद्याचं जेवण चिंचवडला होतं. ते माझ्याजवळ आले, तोंडापुढे उपरणं धरलं आणि फोटोतल्या आजेसासऱ्यांकडे पाठ करून सहाही आकडे कानात कुजबुजले.

"ऐकू आलं नाही, मामा. मोठ्याने सांगा."

पंगतीतले हात थांबले. सगळी भावकी बघू लागली. मामांचे कान लाल झाले. एकेक आकडा त्यांनी अख्ख्या ओसरीला ऐकू जाईल असा सांगितला.

मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.