एकाच खात्यातला अबोला

आमच्या घरात माणसं दोन आणि कम्प्युटर तीन. एक राजुरीला घरी, माझ्या शिलाई मशीनच्या शेजारी. बाकीचे दोन ओतूरला, आमच्या ह्यांच्या झेरॉक्सच्या दुकानात. त्यातला एक काउंटरवर असतो आणि एक आतल्या खोलीत. ह्यांचं नाव कुंडलिक. नाव घ्यायला मी लाजत नाही, पण रागात असले की 'हे' एवढंच म्हणते, आणि ही गोष्ट रागातलीच आहे.

आमची श्रेया पुण्याला नोकरी करते. "ती साइट घरच्या कम्प्युटरवर राहिली, तो पासवर्ड दुकानात राहिला" ही ह्यांची रोजची कुरकुर ऐकून ती कंटाळली. एकदा सुट्टीला आली तेव्हा तिनं घरच्या आणि काउंटरवरच्या कम्प्युटरला एकच खातं जोडलं. म्हणाली, "आता इथं शोधलेलं तिथं दिसेल आणि तिथलं इथं." पुढच्या खेपेला तिनं आतल्या खोलीतलाही जोडला आणि ह्यांना तसं सांगितलं. हे म्हणाले, "हं हं." मी तिथंच उभी होते.

सोय झाली खरी, पण ह्यांची पंचाईतही झाली. मी दुपारी ब्लाउजची डिझाइनं बघत बसते. हे दुकानात सातबाऱ्यासाठी 'सा' लिहायला जायचे, तर खाली 'साडीवर शोभेल असा नाडीचा गळा' उमटायचं. समोर जानकू बसलेला. ओतूरच्या बाजारात आला की त्याचा मुक्काम आमच्या दुकानातच. तो म्हणाला, "कुंडलिकभाऊ, सातबारा ऱ्हाऊ द्या. ह्या नाडीच्या गळ्याचं काय घेता?" हे घरी येऊन माझ्यावर भडकले. मी म्हटलं, मग तुमच्या पीकविम्यानं माझं डोकं उठतं त्याचं काय?

तर ही झाली मजा. आता भांडणाचं सांगते.

मंचरच्या एका संस्थेला मुलींना शिवण शिकवायला बाई हवी होती. माझं काम बघून त्यांनी मला बोलावलं. जन्मभर लोकांचे ब्लाउज शिवले, पण मॅडम म्हणून हाक कुणी मारली नव्हती. मला ती नोकरी हवी होती, अगदी मनापासून हवी होती. शनिवारपर्यंत कळवा, असं त्यांनी सांगितलं होतं.

मी रात्रीच्या जेवणाला विषय काढला. हे पाटावर जेवत होते, मी त्यांच्या डाव्या हाताला शेगडीशी भाकऱ्या थापत होते. मी सगळं नीट सांगितलं. मंचरचं, संस्थेचं, डबा करून जाईन तेही सांगितलं आणि शेवटी विचारलं, "मग जाऊ का मी?"

हे गप्प. ताटाकडे बघत राहिले. अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले, हात धुतले आणि टीव्ही लावला, तोही कान किटतील एवढा मोठा. हो नाही, नाही नाही, साधं 'बघू' सुद्धा नाही. नकार द्यायचा तर तोंडानं द्यावा ना! मी कुणाच्या दोनदा पाया पडणारी नव्हे. मी बोलणं बंद केलं. ह्यांनीही केलं, जसं काही वाटच बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वैतागून कम्प्युटरवर लिहिलं, 'नवरा उत्तर देत नसेल तर काय करावे.' मशीनला तेल घालून परत येते तर खाली नवीन ओळ आलेली. 'बायको डब्यात शेपूच का देते.' म्हणजे स्वारी माझं वाचत होती! मी लगेच लिहिलं, 'शेपू खाल्ल्याने माणूस बोलू लागतो का.' तिकडून आलं, 'गप्प बसण्याचे फायदे.' मी लिहिलं, 'मुक्या जनावरांचा डॉक्टर राजुरी.'

खरं सांगू का, मला त्यात गंमत वाटायला लागली होती. घरात आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो आणि दुपारी मात्र मी त्या कम्प्युटरसमोरून उठत नव्हते. वाटायचं, एखादी ओळ येईल आणि तिच्यात मंचरचं काहीतरी असेल.

ओळ आली ती भलतीच. 'बायको माहेरी निघून गेली तर घर कसे चालवावे.' आणि तिच्याखाली, 'भाकरी थापायला किती दिवसांत येते.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नोकरीचं विचारते आणि हे मला माहेरी धाडायच्या तयारीला लागलेत! माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावला. मीही लिहिलं, 'आळेफाट्याहून मंचर, तिथून घोडेगाव एसटी.' घ्या म्हटलं, होऊन जाऊ दे.

त्यानंतर काउंटरवरून एकही ओळ आली नाही. ह्यांचा चेहरा उतरला होता. डबाही निम्मा परत यायचा. मी मनात म्हटलं, शेपू नसूनही? पण विचारलं नाही. अबोला म्हणजे अबोला.

शनिवार उजाडला. हे दुकानात गेले. संस्थेला नाही म्हणून कळवायचं, असं मी ठरवलं होतं. घरातल्या माणसाची मर्जी नसताना रोज एसटीत बसून जायचं म्हणजे पायात काटा घेऊन चालणं. फोन करायचा म्हणून संस्थेचा नंबर शोधायला कम्प्युटर उघडला, तर नव्या ओळी दिसल्या. त्या काउंटरवरच्या नव्हत्या. बाजूला श्रेयानं दिलेलं नाव होतं, 'दुकान आतला'. श्रेयानं तो जोडलाय हे ह्यांनी ऐकलंच नव्हतं. हं हं म्हणून मोकळे झाले होते.

'डाव्या कानाने ऐकू येत नाही उपाय.'

'कान वयाने जातो का.'

'ऐकू येत नाही हे बायकोला कसे सांगावे.'

आणि सगळ्यात खाली, 'बायको काय बोलली ते ऐकू आले नाही, परत विचारले तर ती जाईल का.'

मी आधी हसले. मोठ्यानं, एकटीच. मग ती शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि पदर डोळ्याला लावला. तो टीव्हीचा आवाज, ते हं हं, काउंटरवर 'काय म्हणला?' करत पुढं झुकणं, सगळं माझ्या डोळ्यांसमोरच होतं की. माणूस बहिरा होत चालला होता आणि मी त्याला माजोरडा म्हणत होते.

शिवून झालेले ब्लाउज ओतूरला द्यायचे होतेच. ते पिशवीत भरले आणि निघाले. दुकानात शिरले तर जानकू बाकावर हजर. ह्यांनी मला पाहिलं, मग पिशवी पाहिली, आणि चेहरा पांढराफटक पडला.

"निघालीस?" हे म्हणाले. इतक्या दिवसांनी कानावर पडलेला पहिला शब्द.

मी काउंटरला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. कानाजवळ तोंड नेलं आणि स्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अवो, मंचरला मला नोकरी देत्यात. पोरींना शिवण शिकवायची. सकाळी डबा करून जाईन आन् सांच्याला येईन. जाऊ का मी?"

झेरॉक्स घ्यायला आलेली दोन कॉलेजची पोरं थांबली. जानकू म्हणाला, "जाऊ द्या की राव! विचार कसला करताय?"

हे माझ्याकडे बघत राहिले. "त्या दिवशी हेच इचारलं व्हतंस?"

"हेच."

"मला 'मंचर' आन् 'जाईन' येवढंच आलं ऐकू," हे म्हणाले. "टीव्हीच्या आवाजापायी आधीच भांडाण झालं व्हतं. मला वाटलं, कटाळलीस आन् निघालीस घोडेगावला. म्हनलं, परत इचारलं तर परत तेच सांगशील."

"म्हणून भाकरी शिकत व्हता?"

"दोन करपल्या," हे म्हणाले. "आत, चहाच्या शेगडीवर."

एवढा शहाणा माणूस, अख्ख्या ओतूरची कामं करून देतो, आणि बायको जाणार म्हणून झेरॉक्सच्या खोलीत भाकऱ्या करपवत बसला होता. मी तिथंच, काउंटरवरच्या फोनवरून संस्थेला कळवलं की सोमवारपासून येते. फोन ठेवला आणि ह्यांना बजावलं की उद्या कानाच्या डॉक्टरकडं जायचं, कारणं सांगायची नाहीत. ह्यांनी मान हलवली.

मी पिशवी उचलून निघाले तर मागून हाक आली.

"उज्ज्वला, ते शेवटचं परत सांग."

"कोणतं? डॉक्टरचं? न्हाई ऐकू आलं?"

"आलं. सगळं आलं," हे म्हणाले. "ते सांच्याला येईन म्हणालीस, ते परत सांग."