लुव्हेनियाची निळी काच

मी एक जुनी बाटलीची मान आहे. खालची बाटली कधीच गेली. उरलं ते करंगळीत बसेल एवढं निळं नळकांडं. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम मिसिसिपीतल्या एका कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर, चरात आहे. तोंडात चिखल भरलाय, तरी जमेल तसं सांगते.

मूळची मी पोटाच्या औषधाची बाटली. लुव्हेनियाने औषध संपवलं, घासलेटात भिजवलेला दोरा माझ्या गळ्याला गुंडाळून पेटवला आणि मला गार पाण्यात बुडवलं. टच्चकन मी सुटी झाले. मग पायरीच्या दगडावर घासून घासून तिने माझी धार मोडली. मला करंगळीत घालून तिने गिटारीच्या तारेवरून सरकवलं, आणि तार माणसासारखी रडली. आधी हुंदका, मागून सूर.

आठवडाभर कापूस वेचून तिची बोटं ओरबाडलेली असत. तरी शनिवारी आम्ही दारूच्या खोपटात ब्लूज वाजवायचो. सोडून गेलेल्या नवऱ्याची गाणी, पुरात वाहून गेलेल्या घराची गाणी. रविवारी त्याच हातांनी चर्चमध्ये देवाची गाणी. तिथला कारभारी डीकन पर्व्हिस. त्याने एकदा तिला दारातच अडवलं.

"भगिनी लुव्हेनिया, ही काच काल त्या खोपटात वाजत होती."

"धुऊन आणलीय, डीकनकाका. पण तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर भिंतीकडे तोंड करून बसला होतात."

मागच्या बाकावरच्या बायका हातपंख्यांआड हसल्या. डीकन गुपचूप बाजूला झाला. त्या दिवशी आम्ही असं वाजवलं की सगळ्यात आधी तोच टाळ्या वाजवत उठला.

शहरातून एक गोरा माणूस यंत्र घेऊन आला. दोन गाणी तबकडीत भरून घेऊन गेला आणि पुन्हा फिरकला नाही. लुव्हेनिया कापूस वेचता वेचताच म्हातारी झाली, आणि गेली.

आमच्याकडे गेलेल्या माणसाची शेवटची वापरातली वस्तू कबरीवर ठेवतात. कुणाचा कप, कुणाचा कंदील. ठेवण्याआधी ती फोडतात, म्हणजे मरणाचा धागा तिथेच तुटतो, घरातलं दुसरं कुणी मागोमाग जात नाही. लुव्हेनियाची भाची ओझेला मला फोडायला दगड शोधू लागली. डीकन पर्व्हिस तोवर काठीवर आला होता. तो म्हणाला, "ती जन्मापासून फुटकीच आहे, पोरी. ठेव तशीच." आणि टोपीआड त्याने डोळे पुसले.

ओझेलाने मला उशाशी मातीत उभं रोवलं. वारा आला की मी हुंकार द्यायचे. वर्षं गेली. लाकडी फळ्या कुजल्या, नावं गेली, गवत माजलं. पुढे डीकनही त्याच कबरस्तानात आला. ओझेला मात्र दर ऑगस्टात यायची, गवतात माझा निळा रंग शोधायची, शेजारी बसून मक्याची भाकरी खायची. उठताना म्हणायची, "आत्या, ही बाजूची जागा माझी बरं का. कुणाला देऊ नकोस."

मग त्या दोन गाण्यांना दूरदूरच्या लोकांनी डोक्यावर घेतलं. लुव्हेनियाचा सन्मान करायचा म्हणून एक समिती निघाली. संगमरवरी दगड आला, आणि त्याच्या आधी खराटे आले.

"केवढा कचरा टाकलाय इथे. फुटक्या बश्या, बाटल्या. ही काय रीत झाली?"

"यांना आपल्या माणसांची किंमतच नाही. भर पोत्यात."

पोतं कुंपणापलीकडे रिकामं झालं. त्यात मी होते.

समारंभाला मोठमोठी माणसं आली. दगडावरचं कापड ओढायला ओझेलाला पुढे आणलं. तिने कापड हातात धरलं, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "इथे तर डीकन पर्व्हिस झोपलाय. आत्या कुठे आहे?"

"आजी, नक्की?"

"या देवदाराखाली त्याचा कंदील मीच ठेवला होता. आत्याच्या उशाशी निळी काच होती. ती दाखवा, मी जागा दाखवते."

समितीतला तरुण हळूच म्हणाला, "काचा आम्ही सगळ्या उचलल्या, आजी. कुणाच्या पायात जायला नकोत."

ओझेला काठीने ती साफ केलेली जमीन चाचपत हिंडली. दहा पावलांवरच्या चरात मी पडले होते. हाक मारायला माझ्यात वारा नव्हता. पाहुणे ताटकळले. कुणीतरी दगडावरचं कापड ओढलं, टाळ्या झाल्या. लुव्हेनियाचं नाव आजही डीकनच्या छातीवर उभं आहे. तो ते चालवून घेईल. ओझेलाचं काय?

या वसंतात ती आली, पेटीतून. कुठे खणायचं ते कुणालाच सांगता येईना, म्हणून फाटकापाशी पुरली. तिच्या उशाशी फुटका चष्मा ठेवलाय. बाजूची राखून ठेवलेली जागा कुठेतरी गवताखाली रिकामीच आहे.

मित्रांनो, कुणाच्या मोठेपणाचा दगड उभारायला जाल, तेव्हा दगड गाडीतच राहू द्या. आधी तिथल्या म्हातारीजवळ बसा. ती दाखवेल त्या फुटक्या वस्तूला हात लावू नका. आणि जाता येता एखाद्या चरात निळं काही चमकलं, तर उचला. तोंडातला चिखल तेवढा काढा. मला अजून ती जागा ठाऊक आहे.