हातोडा खाल्लेला स्विच

मित्रांनो, मी एक जुना नेटवर्क स्विच. दिवा लावायचं बटण नव्हे हं! कचेरीतले संगणक तारांनी एकमेकांशी जोडणारी मी एक लोखंडी पेटी आहे. मला चोवीस तोंडं आहेत आणि प्रत्येक तोंडावर एक हिरवा दिवा. जन्मापासून मी मारच खात आलो. कारखान्यात एका अवजड यंत्राने दणके देऊन माझं अंग घडवलं, कडा वाकवल्या, भोकं पाडली. पण तो कारखाना कंपनीचा स्वतःचा होता. तिथली माणसं तपासल्याशिवाय एकही पेटी दाराबाहेर सोडत नसत.

पुढे एका गोदामाच्या कचेरीत मी नऊ वर्षं राबलो. एके दुपारी तिथे आग लागली. छत माझ्यावर कोसळलं, शेजारचे संगणक फटाफट फुटले, खुर्च्या वितळून जमिनीला चिकटल्या. ढिगारा उपसताना कामगाराचं फावडं माझ्या पाठीत बसलं. मालकाने मला भंगारात काढलं. तारांच्या दुरुस्तीला आलेल्या दादांनी मात्र मला पुसलं, वीज जोडली, आणि माझे चोवीसही दिवे लागले. दादा मला घरी घेऊन आले तेव्हा मला अगदी भरून आलं.

दादांच्या घरी माझं फार कौतुक झालं, पण ते हातोड्याने. वडिलांचं दुकान विकून आलेले पैसे दादा आणि त्यांची धाकटी बहीण चिमी या दोघांच्या नावावर होते. दोघांच्या सहीशिवाय ते हलणार नव्हते. दादांना ते सगळेच्या सगळे मला बनवणाऱ्या कंपनीच्या शेअरमध्ये घालायचे होते. कंपनी कशी आहे असं कुणी विचारलं की दादा मला फरशीवर ठेवत, हातोड्याचे तीन घाव घालत आणि वीज जोडत. दिवे लागले की म्हणत, "झाला अभ्यास." पाहुणे माना डोलवत. खोटं कशाला सांगू, दुखत असूनही माझी छाती फुगायची.

चिमी एका कारखान्यात माल खरेदीचं काम बघायची. दहा ठिकाणी चौकशी केल्याशिवाय ती साधा खिळाही घेत नसे. तिचा वाटा लेकीच्या शिक्षणासाठी होता. सही करण्याआधी तिने महिन्याची मुदत मागितली. कंपनीचा वार्षिक अहवाल तिने बारीक टिपांसकट वाचला, विक्रेत्यांना फोन केले, दुरुस्तीवाल्यांना बोलतं केलं. तेव्हा कळलं की कंपनीने स्वतःचा कारखाना कधीच बंद केला होता. आता पेट्या भलतेच कुणी बनवत होते आणि कंपनी त्यांच्यावर फक्त आपलं नाव छापत होती. बिघडून परत येणाऱ्या पेट्या दरवर्षी वाढत होत्या आणि दोन मोठी गिऱ्हाइकं सोडून गेली होती.

रविवारी सकाळी ती हे सगळं सांगायला आली. दादा ऐकेनात. तारा ओढण्यात माझा जन्म गेला, तू मला काय शिकवणार, असं म्हणाले. तेव्हा तिने पिशवीतून त्याच कंपनीची कोरी पेटी काढली आणि माझ्याशेजारी ठेवली.

"दादा, हातोड्याने काही सिद्ध होत नाही. पण तुला हीच भाषा कळते. हिलाही तीन घाव घाल."

दादा जागचे हलले नाहीत. मग तिनेच हातोडा उचलला. पहिल्या घावात पेटीचं झाकण आत गेलं, दुसऱ्यात तिची आतडी बाहेर आली. तिसऱ्याची गरजच उरली नाही. दारात उभ्या असलेल्या वहिनींना हसू आवरलं नाही, आणि ते दादांच्या जिव्हारी लागलं. डोक्यात राख घालून त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि चिमीवर भिरकावलं. तोंड वाचवायला तिने उजवा हात पुढे केला. माझा लोखंडी कोपरा तिच्या मनगटावर आदळला. हाड मोडलं ते मला माझ्या पत्र्यात जाणवलं. तिचं रक्त माझ्या तोंडांमध्ये शिरलं. आगीत मी भ्यालो नव्हतो, तेव्हा भ्यालो.

वहिनींनी तिला आपल्याच घरी ठेवून घेतलं. सहा आठवडे प्लास्टर. सही तर राहोच, तिला पेलाही धरता येईना. दादा रोज तिच्या खाटेपाशी येऊन बसत, मान खाली घालून. चौथ्या दिवशी तिने डाव्या हाताने अहवाल त्यांच्याकडे सरकवला.

"मला पान उलटता येत नाही. तू वाच, मोठ्याने."

अडखळत, रोज थोडं थोडं दादा वाचू लागले. आठवड्याने कारखाना बंद केल्याचं पान आलं. ते त्यांनी दोनदा वाचलं.

"हे तुला कधी सापडलं?"

"पहिल्याच आठवड्यात. फोनवर सांगत होते, तर तू ठेवून दिलास."

दादांनी तिच्या प्लास्टरवर कपाळ टेकलं आणि ते रडू लागले. पैसे जिथे होते तिथेच राहिले. चिमीची दोन बोटं मात्र अजून पुरती मिटत नाहीत.

मित्रांनो, कंपनी चांगली आहे का, हे मला मारून विचारू नका. मला घडवणारी माणसं केव्हाच घरी गेली, आजच्यांबद्दल मला काहीच ठाऊक नाही. तुमच्या घरात कुणी बसून नीट वाचत असेल, तर त्याचं ऐका. आणि संताप आलाच तर हात मागे बांधून उभे राहा. मी मार सोसतो, माणसाचं मनगट सोसत नाही.